बिनकाट्याच्या ब्लॅकबेरीचं मूळ

२०२४च्या ऑगस्टमधली गोष्ट. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, सेलम गावी, माझ्या दादाच्या परसात आई ब्लॅकबेरी तोडत होती. आईचं वय चौऱ्याऐंशी. गळ्यात सुतळीने बांधलेला प्लॅस्टिकचा डबा, डोक्यावर दादाची जुनी टोपी. पानांच्या आतला घोस दिसला म्हणून तिने हात कोपरापर्यंत आत घातला आणि ओढून बाहेर काढला तेव्हा मनगटापासून वरपर्यंत लाल रेघा उमटल्या होत्या. आई रक्त पातळ करणारी गोळी घेते. वहिनीने फडकं दाबून धरलं, तरी रक्त थांबायला अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात आई दुखतंय असं एकदाही म्हणाली नाही. म्हणाली ती एवढंच, "अरे, हिला काटे नाहीत म्हणाला होतास ना?"

दादाने ते झुडूप लावलंच होतं बिनकाट्याचं म्हणून. सात वर्षांपूर्वी शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी कुंडीत रुजवलेलं रोप त्याला दिलं होतं. पुढे आई तिकडे राहायला गेली आणि ऑगस्ट-सप्टेंबरमधली ही तोडणी आपोआप तिच्याकडे आली. त्या घरात गाडी चालवल्याशिवाय काही होत नाही, भाजीलासुद्धा नाही. दुसऱ्या कुणाच्या मदतीवाचून आई घराबाहेर करते असं हे एकच काम होतं. आता दादा म्हणत होता, शनिवारी सगळं झुडूप उपटून टाकतो. शेजाऱ्यांनी फसवलं, असंही म्हणत होता. सकाळी कुंपणापलीकडे हात हलवायचा त्याचा रिवाज त्या आठवड्यात बंद पडला.

मी सहा महिन्यांसाठी तिकडे गेले होते. मी वनस्पतिशास्त्र शिकलेली नाही. सांगलीत सहकारी बँकेत सव्वीस वर्षं खतावण्या जुळवल्या, स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि त्यानंतर जे मनाला येईल ते वाचत गेले. खातं जुळत नसेल तर खातेदाराला चोर म्हणण्याआधी नोंदी पुन्हा तपासायच्या, ही सवय मात्र बँकेची. दादाला म्हटलं, "शनिवारपर्यंत मला बघू दे."

पाहिलं तेव्हा झुडपाला काटे आलेलेच नव्हते. जुन्या सगळ्या काड्या आधीसारख्या गुळगुळीत होत्या. (काडी हा आमच्या सांगलीच्या द्राक्षबागांतला शब्द. इंग्रजी 'केन'ला तो इतका चपखल बसतो की मी दुसरा शोधला नाही.) काटेरी काड्या चारच होत्या. त्या मूळ बुंध्यातून न येता त्याच्यापासून दीड-दोन हातांवर जमिनीतून वर आल्या होत्या आणि तारांवर चढून जुन्या काड्यांत मिसळल्या होत्या. चारांपैकी एकीवरही फळ नव्हतं.

फळ नसण्याचं कारण सरळ आहे. ब्लॅकबेरीचं मूळ वर्षानुवर्षं जगतं, पण काडीचं आयुष्य दोनच वर्षांचं. पहिल्या वर्षी ती नुसती वाढते, दुसऱ्या वर्षी फुलते, फळते आणि वाळून जाते. द्राक्षात एप्रिलच्या खरड छाटणीनंतर आलेल्या काडीवर ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड घेतात, इथे त्याच कामाला वर्ष जातं. बहुतेक जातींचं हे असंच. म्हणजे चारही काड्या याच वसंतात उगवलेल्या. सात वर्षांपूर्वी दिलेल्या रोपात फसवणूक असती तर ती सहा वर्षं गप्प कशी बसली असती?

दादाचा दुसरा संशय पक्ष्यांवर. ओरेगनमध्ये रस्त्याकडेला, ओढ्याकाठी, रेल्वेच्या रुळांशेजारी एक राक्षसी ब्लॅकबेरी माजलेली आहे. तिचं नाव 'हिमालयन'. वहिनीच्या ऑफिसातले लोक तिला चेष्टेने म्हणतात, तुमच्या हिमालयाने आमचं वाटोळं केलं. ही ब्लॅकबेरी कॅलिफोर्नियातल्या ल्यूथर बरबँक या नामांकित रोपकाराने १८८५ साली बाजारात आणली. बी भारतातून आलेलं म्हणून नाव 'हिमालया जायंट'. वास्तविक तिचं माहेर आर्मेनिया आणि इराणकडचं. शास्त्रीय नावातही 'आर्मेनियाकस' आहे, पण लोकांच्या तोंडचा हिमालय काही गेला नाही. पक्षी फळं खातात, बी टाकतात आणि परसात हिमालयन उगवते. तेव्हा संशय अगदीच गैर नव्हता.

पण पान वेगळं होतं. हिमालयनची पर्णिका अखंड, रुंद आणि खालून पांढुरकी. दादाचं झुडूप 'एव्हरग्रीन' जातीचं. ही मूळची युरोपातली आणि तिचं पान कोथिंबिरीच्या पानासारखं खोल कातरलेलं. चारही काटेरी काड्यांची पानं तशीच कातरलेली होती. काटा सोडला तर झुडूप तेच.

तिसरा तर्क दादाने केला तो सांगलीच्या पोराला शोभणारा. "खुंट काटेरी असणार. वर बिनकाट्याचं कलम बांधलं असेल आणि आता खालचा खुंट फुटला." द्राक्षात हे नेहमी होतं. डॉगरिजच्या खुंटावर कलम केलेल्या वेलीला खालून फुटवे येतात, ते डॉगरिजचेच असतात आणि काढून टाकावे लागतात. मात्र ब्लॅकबेरी सहसा कलम बांधून वाढवतच नाहीत. शेंडा मातीत दाबला की तो स्वतःच मुळं धरतो. बुंध्याशी कलमाची गाठही नव्हती. दादाचा हा तर्क चुकीचा असला तरी खऱ्या उत्तराच्या सगळ्यांत जवळ होता, हे मला नंतर कळलं.

शुक्रवारी संध्याकाळी एका काटेरी काडीभोवतीची माती हाताने उकरली. काडी संपून पेन्सिलीएवढं जाड, आडवं मूळ लागलं. त्याचं एक टोक मोठ्या झुडपाकडे गेलं होतं. दुसरं टोक तुटलेलं होतं आणि तुटल्या जागी गाठ धरून बरं झालं होतं. बी पडून उगवलेलं रोप असतं तर त्याला स्वतःचं मूळ असतं. मी उभी राहून चारही काड्यांकडे पाहिलं. त्या एका ओळीत होत्या. "दादा, इथे काही खणलं होतंस का?"

आधीच्या शरद ऋतूत त्याने ठिबकची नळी पुरायला झुडपाच्या कडेने चर मारला होता. बरोबर त्याच ओळीत.

आता प्रश्न असा की मुळाला इजा झाली म्हणून फुटवा यावा हे समजू शकतं, पण बिनकाट्याच्या झाडाच्या मुळातून काटेरी फुटवा का यावा? त्यासाठी आधी काटा म्हणजे काय ते बघावं लागतं. आपण सगळ्याला काटा म्हणतो आणि बोलायला तेवढं पुरतं. पण लिंबाचा काटा हे फांदीचं रूप आहे. बोरीबाभळीचा काटा पानाच्या देठाशी येणाऱ्या उपपर्णांचा झालेला असतो आणि निवडुंगाचा काटा पानाचा. गुलाबाचा आणि ब्लॅकबेरीचा काटा यांतला कोणताच नाही. तो सालीचा आहे. वरच्या त्वचेवर लव येते तसाच, पण वाढत जाऊन कठीण झालेला. लिंबाचा काटा मोडायला गेलं तर लाकूड मोडावं लागतं. गुलाबाचा काटा अंगठ्याने बाजूला दाबला की टचकन निघतो आणि खाली स्वच्छ वण राहतो. लहानपणी तो काटा थुंकी लावून नाकावर चिकटवून आम्ही गेंडा व्हायचो. ते जमायचं ते याचमुळे.

दुसरी गोष्ट शेंड्याची. झाडाच्या वाढत्या टोकात पेशींचे थर असतात. ढोबळ मानाने तीन धरू: सर्वांत बाहेरचा, त्याखालचा आणि आतला गाभा. काडी वाढते तेव्हा हे थर आपापल्या जागी राहून वाढत जातात. बाहेरच्याची साल होते. परागकण आणि बीजांडं दुसऱ्यातून येतात. आता समजा, फक्त बाहेरच्या थरातल्या एका पेशीत आनुवंशिक बदल झाला, ती काटा करायची विसरली आणि तिच्या वंशाने तो सगळा थर व्यापला. मग त्या काडीला काटे येणार नाहीत, कारण काटा सालीचाच असतो. पण आत तो बदल नाही. आतलं शरीर काटेरीच आहे.

ओरेगनमध्येच १९२६ साली एव्हरग्रीन जातीवर अशी एक बिनकाट्याची फांदी सापडली. शेंडे दाबून दाबून तिच्यापासून जी झाडं झाली ती 'थॉर्नलेस एव्हरग्रीन'. अमेरिकी कृषी खात्यातले फळतज्ज्ञ जॉर्ज डॅरो यांनी १९३१ साली 'जर्नल ऑफ हेरेडिटी'मध्ये तिच्यावर लेख लिहिला. शेजाऱ्यांचं झुडूप हेच होतं आणि म्हणून दादाचंही. शेंडा दाबून रोप केलं की तिन्ही थर जसेच्या तसे पुढे जातात आणि साल बिनकाट्याची राहते. मूळ तोडलं तर मात्र नवा कोंब मुळाच्या आतल्या भागातून फुटतो. त्या कोंबाची साल आतल्याच पेशींपासून नव्याने तयार होते आणि त्या पेशी काटा करायला कधीच विसरलेल्या नव्हत्या. म्हणजे दादाचं कलम खरंच होतं. फक्त ते कुणी बांधलेलं नव्हतं आणि एका पेशीइतकं पातळ होतं.

अशा झाडाला शास्त्रज्ञ काइमेरा म्हणतात. ग्रीक कथेतल्या सिंह, बोकड आणि सर्प मिळून झालेल्या प्राण्याचं हे नाव. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ कोरलेला असतो तो याच भाऊबंदांतला. आणि काइमेरा बघायला ओरेगनला जायला नको. पिवळ्या किनारीचा स्नेक प्लांट आपल्याकडे निम्म्या जिन्यांत आणि बँकांत असतो. त्याच्या पानाचे तुकडे मातीत रोवले तर रोपं येतात, पण साधी हिरवी. किनार जाते. पिवळी किनार हवी तर गड्ड्यासकट फुटवा वेगळा करावा लागतो. आमच्या शाखेतल्या शिपायाने तुकडे लावून बारा कुंड्या केल्या होत्या आणि बारा हिरव्या निघाल्यावर आम्ही दोघांनी खताला दोष दिला होता. ते कोडं वीस वर्षांनी सेलमच्या सार्वजनिक वाचनालयात सुटलं.

या सालीच्या गुणाची अडचण अशी की तो वंशात उतरत नाही. बी दुसऱ्या थराचं, म्हणून बियांपासूनची रोपं काटेरी. संकर करून नव्या जाती काढायच्या असतील तर ही बिनकाट्याची ब्लॅकबेरी निरुपयोगी. १९८३ साली इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी ऊतीसंवर्धनाने तिचे थर एकमेकांपासून सोडवल्याचं प्रसिद्ध केलं आणि पुढे त्या कामातून 'एव्हरथॉर्नलेस' ही आतूनबाहेरून बिनकाट्याची जात आली. न्यूझीलंडमध्ये लोगनबेरीच्या बाबतीत असंच करून 'लिंकन लोगन' मिळवली.

पण त्याच्या कितीतरी आधी दुसरी वाट सापडलेली होती आणि आज नर्सरीत मिळणाऱ्या बिनकाट्याच्या बहुतेक जाती त्या वाटेने आलेल्या आहेत. लंडनच्या दक्षिणेला मर्टन इथे जॉन इनिस संस्थेत 'मर्टन थॉर्नलेस' ही जात तयार झाली. तिचा गुण सालीपुरता नसून सगळ्या शरीरात होता. पण तो अप्रकट होता, म्हणजे काटेरी जनुकाची एक प्रत सोबत असली तरी झाकला जाणारा. आपल्या शरीरात प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, या ब्लॅकबेरीत चार. चारही बिनकाट्याच्या असतील तेव्हाच झाड बिनकाट्याचं.

हे किती अवघड आहे ते आकड्यांत बघू. मर्टनचा संकर शुद्ध काटेरी जातीशी केला तर पहिल्या पिढीत प्रत्येक रोपाकडे दोन प्रती काटेरी आणि दोन बिनकाट्याच्या. सगळी पिढी काटेरी. आता त्यांचाच आपसांत संकर केला. प्रत्येक पालक चारांतल्या दोन प्रती देतो. चारांतून दोन निवडायच्या सहा रीती आणि त्यांतल्या एकाच रीतीत दोन्ही बिनकाट्याच्या येतात. आईकडून सहात एक, बापाकडून सहात एक, म्हणजे छत्तीस रोपांत एक. उरलेल्या पस्तिसांत गोडी, आकार, थंडी सोसण्याची ताकद यांतलं काहीही चांगलं असलं तरी ती टाकायची. अमेरिकी कृषी खात्याच्या मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिल केंद्रात हे काम वर्षानुवर्षं चाललं आणि १९६६ साली 'थॉर्नफ्री' आणि 'स्मूथस्टेम' या जाती बाहेर पडल्या. त्याच परंपरेतली 'चेस्टर' १९८५ची, 'ट्रिपल क्राउन' १९९६ची. आर्कान्सा विद्यापीठाने १९८८ साली 'नॅव्हाहो' आणली. ती सरळ उभी वाढणारी पहिली बिनकाट्याची.

या कामातल्या एका सोयीचं मला फार अप्रूप वाटलं. छत्तिसातलं ते एक रोप ओळखायला काटे येईपर्यंत थांबावं लागत नाही. बी उगवून पहिली दोन दलं उघडली की भिंगातून त्यांची कड बघायची. काटेरी होणाऱ्या रोपाच्या कडेला टोकाशी गोळी असलेली बारीक लव असते. बिनकाट्याच्या रोपाला ती नसते. लव आणि काटा ही एकाच घराण्यातली, म्हणून एक नसली की दुसराही नसतो. बोटभर उंचीही नसलेल्या रोपांवर भिंग धरून पस्तीस उपटत जाणारी माणसं मला डोळ्यांपुढे दिसतात. बँकेत खोट्या नोटा निवडायला बसायचो तशी.

योगायोग असा की मी तिकडे असतानाच, त्याच ऑगस्टमध्ये, 'सायन्स' या नियतकालिकात सालीच्या काट्यांवरचा एक निबंध आला. रानवांग्याला काटे असतात, घरच्या वांग्याचे बरेचसे गेले. ते ज्या जनुकात बिघाड होऊन गेले त्याच कुळातलं जनुक गुलाबाच्या काट्यामागेही आहे, असं त्यात दाखवलं होतं. वांगं आणि गुलाब यांचं नातं फार दूरचं आहे. दोघांनी वेगवेगळ्या काळी एकच हत्यार उचललं. आईला हे सांगितलं तर तिला नवल वाटलं नाही. काटेरी देठाचं वांगं भरल्या वांग्याला चांगलं, हे तिला माहीत होतंच.

शनिवारी दादाने झुडूप उपटलं नाही. आम्ही चारांपैकी तीन काटेरी काड्या मुळाच्या तुकड्यासकट काढल्या. फुटवा कात्रीने जमिनीलगत छाटला तर तिथून पुन्हा फुटतो, तेव्हा चामडी हातमोजे घालून ओढून काढावा हे बरं. ठिबकची नळी वर काढून मातीवर अंथरली. बुंध्याभोवती लाकडाच्या भुशाचं जाड आच्छादन घातलं म्हणजे तण येत नाही आणि कुदळ चालवायची वेळ येत नाही. तोडणी संपल्यावर फळून गेलेल्या काड्या बुंध्याशी कापल्या आणि नव्या, गुळगुळीत काड्या दोन तारांवर पंख्यासारख्या पसरून बांधल्या. एक तार कमरेला, एक आईच्या खांद्याला. आतल्या घोसासाठी हात कोपरापर्यंत घालावा लागू नये म्हणून काड्या विरळ ठेवल्या. सप्टेंबरात एका नव्या काडीचा शेंडा खाली वळवून चार इंच मातीत दाबला आणि वर वीट ठेवली.

वाचकांपैकी कुणाची मुलं तिकडे परस असलेल्या घरात राहत असतील आणि नवीनच लावायचं असेल, तर 'ट्रिपल क्राउन' किंवा 'चेस्टर' लावावी. तिचं मूळ तुटलं तरी काटा येत नाही. दिवसभर ऊन, दोन झुडपांत सहा-आठ फूट अंतर, पाणी साचणार नाही अशी जागा. फळ काळं झालं की लगेच तोडू नये. चकाकी जाऊन मंद काळं झालं आणि बोट लावताच हातात आलं म्हणजे पिकलं. सांगली-पुण्याकडे मात्र या जातींच्या नादी लागण्यात अर्थ नाही, त्यांना लागते तशी लांब थंडीची विश्रांती आपल्या हिवाळ्यात मिळत नाही. महाबळेश्वरच्या बाजूला रानात तिची एक बहीण आहे, गौरीफळ. तिला काटे आहेत.

शेजाऱ्यांकडे दादा वाडगाभर फळं घेऊन गेला. जाताना मला बरोबर ने म्हणाले तर म्हणाला, नको, मीच जातो. परत आला तो जरा ओशाळून. रोप देताना त्या गृहस्थांनी सांगितलं होतं, हिच्या मुळाशी कधी खणू नकोस. दादाने ते कुणीही कुणालाही देतो तसा बागकामातला सल्ला समजून सोडून दिलं होतं. का खणू नये हे त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांचे वडील खणू देत नसत, एवढंच.

चौथी काटेरी काडी आईने ठेवायला लावली. हिचं फळ कसं लागतं ते बघायचंय, म्हणाली. दादाने ती ओढून दूर कुंपणाला बांधली आणि तिच्यावर लाल चिंधी लावली. या ऑगस्टमध्ये ती फळली. मी सांगलीत होते. व्हिडिओ कॉलवर दादाने दोन वाट्यांत फळं आणून आईपुढे ठेवली आणि कुठली कुठल्या काडीची ते सांगितलं नाही. आईने दोन्हींतली चार-चार खाल्ली, जिभेने गालाच्या कडेला काहीतरी शोधलं आणि म्हणाली, "दोन्हींच्या बिया कवळीत अडकतात."